निळाईची उजवी बाजू

नारायण पेठेतल्या त्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. वर येणारा माणूस कशासाठी येतोय, हे पावलांच्या आवाजावरून आपल्याला कळतं, असा बद्रीनाथ शेट्यांचा दावा होता. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांनी पेपरमधून डोकं वर न काढताच जाहीर केलं, “नवऱ्यावर पाळत ठेवायची असणार. फार जड पावलं पडतायत बिचारीची.”

दारात आली ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी. हातात निळ्या झाकणाचा मोठा डबा होता आणि त्यातलं पाणी हिंदकळू नये म्हणून ती जपून चढत होती.

“बद्रीभाऊ, नवरा डब्यात आहे वाटतं,” मुक्ताई रणपिसे म्हणाल्या आणि त्यांनी मुलीला खुर्ची दिली.

मुक्ताईंची तीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि बुडालेली दुकानं तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी इथे खाजगी तपासाची पाटी लावली. बद्रीनाथ त्यांचे शेजारी. उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात गेलेला आणि आता मुक्ताईंची गाडी चालवणं, चहा सांगणं आणि चुकीचे अंदाज करणं ही तिन्ही कामं ते मनापासून करत.

“मी पूर्वा मेश्राम. लोकांच्या घरी समुद्राच्या टाक्या लावते.” तिने डब्याचं झाकण उघडलं. आत खाऱ्या पाण्याच्या बरणीत अंगठ्याएवढा एक निळा तुरा होता, फांद्याफांद्यांचा. बद्रीनाथांनी सवयीने बोट पुढे केलं.

“काका, हात नको. हे गरीब आहे, पण याच्या जातभाईंत काही फार विषारी असतात. मी स्वतः हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय एकालाही हात लावत नाही.”

“हे झाड आहे?”

“प्रवाळ. दिसायला झाड, पण आहे प्राणी. आणि शेजाऱ्याशी पटत नाही. फार जवळ आला की त्याला डंख मारून जाळतो.”

“पुण्यात रुळायला वेळ लागणार नाही त्याला,” मुक्ताई म्हणाल्या. “पुढे सांग.”

पूर्वाने सांगितलं. नखाएवढ्या तुकड्यापासून चार वर्षं तिने विश्रांतवाडीतल्या घरी एक निळं प्रवाळ वाढवलं होतं. वडिलांनी, बुद्धभूषण मेश्रामांनी, बाल्कनी बंद करून तिला टाकीसाठी जागा करून दिली. प्रवाळाचं नावही त्यांनीच ठेवलं, निळाई. बरणीतला तुरा तिचाच तुकडा. महिन्यापूर्वी शनिवार पेठेतल्या शुभंकर जगदाळ्यांच्या टाकीत तिने निळाई बसवली. याच गुरुवारी निळाई पांढरी पडली.

“पूर्ण नाही. फक्त उजवी बाजू. पाहिलं नाही मी, त्यांनी फोटो टाकलाय.” तिने मोबाइल पुढे केला. टाक्यांच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर एका जळक्या फांदीचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘पूर्वाची मांडणी. बघून घ्या, आणि सावध राहा.’

“हिंजवडीच्या एका कंपनीच्या लॉबीत बारा फुटी टाकी लावायचीय. एवढं मोठं काम आमच्या क्षेत्रात पहिल्यांदाच कुणा मुलीच्या हाती येणार होतं. त्या ग्रुपवर कंपनीचे व्यवस्थापकही आहेत. सोमवारी सकाळी ठरणार. आता ते म्हणतायत, आधी या प्रकरणाचं काय ते सांगा.”

“आणि जगदाळे काय म्हणतात?”

“म्हणतात, तू गॅलॅक्सियाच्या फार जवळ बसवलंस. घरात पाऊलही टाकू देत नाहीत.” तिने एक कागद उलगडला. वरून काढलेला टाकीचा नकाशा होता. मधोमध खडकाचं बेट, ठिकठिकाणी इंच, दिव्याची उंची आणि काठाकाठाने बाण. “ही निळाई, समोर डावीकडे. हा गॅलॅक्सिया, समोरच पण उजव्या टोकाला, सगळ्यात शेवटी. हेही प्रवाळच, पण टाकीतला गुंड. त्यांच्याच हट्टाने घेतला. मधे नऊ इंच मोकळे. एक महिना दोघं गुण्यागोविंदाने राहिले. गेल्या शनिवारी मी सगळं तपासून आले, तेव्हा निळाईच्या टोकाटोकाला नवी वाढ होती.”

“वनवे केलाय वाटतं,” बद्रीनाथ बाणांकडे बघत म्हणाले.

“तसंच समजा, काका.” मग ती मुक्ताईंकडे वळली. “बाई, माझी मांडणी चुकलेली नाही. मला सहानुभूती नकोय. मला ते सिद्ध करून हवंय.”

तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. बद्रीनाथांना ही पोरगी एकदम आवडली. अशी माणसं पहिल्याच दिवशी घाटात गाडी नीट चालवतात, असं त्यांचं मत होतं.

“टाकी बसवल्यावरचा पूर्ण फोटो आहे?”

होता. पारदर्शक पाण्यात खडकाचं बेट, निळा तुरा आणि नारिंगी माशांचा थवा. “काय शिस्त आहे!” बद्रीनाथ म्हणाले. “सगळ्यांची तोंडं डावीकडे. सिग्नलला थांबल्यासारखे.”

मुक्ताईंनी फोटो मागून घेतला आणि पूर्वाला सांगितलं, “तू एका तासाने तिथे ये. डबा घेऊनच ये.”

नारायण पेठेतून शनिवार पेठेत चालत दहा मिनिटं लागतात. बद्रीनाथांच्या गाडीने, सगळे एकेरी रस्ते पाळून, पंचवीस लागली. एका चौकातल्या छोट्या बेटाला एक स्कूटरवाला चक्क उलट्या बाजूने वळसा घालून समोर आला.

बद्रीनाथांनी काच खाली केली. “अहो, बेट उजव्या हाताला ठेवायचं असतं! देवळात तरी जाता ना कधी?”

“देवळाचा काय संबंध?” मुक्ताईंनी विचारलं.

“मी पोरांना तसंच शिकवायचो. देवाला प्रदक्षिणा घालतो तसं बेटाला वळायचं. चाळीस वर्षांत एकही विसरला नाही.” बद्रीनाथांना स्वतःच्या या युक्तीचा फार अभिमान होता.

जगदाळ्यांचा फ्लॅट नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर होता. दिवाणखान्याची अर्धी भिंत टाकीनेच व्यापली होती. शुभंकर जगदाळे पंचेचाळिशीचे, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. शनिवारची सुट्टी म्हणून घरी होते आणि ‘खाजगी तपास’ हे शब्द ऐकल्यावर त्यांना हसू आलं.

“प्रवाळाच्या खुनाचा तपास? बघा, बघा. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. पूर्वा येऊन गेल्यापासून टाकीला कुणी हात लावलेला नाही, हे लिहून देतो.”

“तुम्ही स्वतःही नाही?”

“मला लागतच नाही. दिवे, खाणं, लाटा, सगळं फोनवर.” त्यांनी बोट फिरवलं, आणि टाकी क्षणात सोनेरी झाली, मग परत निळी.

बद्रीनाथ काचेपाशी गेले. मधला खडक थेट गणपतीसारखा दिसत होता. सोंड, पोट, सगळं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. खडकासमोर डावीकडे निळाई उभी होती. तिची डावी बाजू निळीशार होती आणि उजवी हाडासारखी पांढरी. उजव्या टोकाला हिरवट गोंड्यांचा एक देखणा गठ्ठा होता. हाच तो गुंड. मासे इथेही शिस्तीत उभे होते, उजवीकडे तोंड करून. एक चिमुकली तांबडी कोळंबी खडकावर चढत-उतरत होती.

मुक्ताईंनी पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि काचेला लावून निळाईपासून गॅलॅक्सियापर्यंत मापलं. नऊ इंच. मग त्या खाली वाकल्या आणि टाकीखालच्या कपाटाचं दार उघडून आत पाहू लागल्या. आतल्या पांढऱ्या पत्र्यावर एक पुसट चौकोन होता आणि थिनरचा वास येत होता.

“हे काय?”

“ती प्रत्येक टाकीखाली नाव लिहून ठेवते स्वतःचं,” शुभंकर म्हणाले. “मी पुसलं गुरुवारी. असल्या कामाखाली सही कशाला हवी?”

बद्रीनाथांना संताप आला. पण मुक्ताईंनी दार हळूच लावून घेतलं.

त्यांनी घरच्यांना एकेक करून विचारलं. आधी शुभंकरची बायको सृष्टी. तिने स्पष्टच सांगितलं, “मला ही टाकी आवडत नाही. इथे सोफा येणार होता. पण म्हणून मी मुक्या जिवाला मारीन का? हो, गेल्या रविवारी सत्यनारायण होता, म्हणून सकाळी स्वयंपाकघरात झुरळांचा फवारा मारला. तेवढंच.”

बद्रीनाथांनी मुक्ताईंकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. त्यांचा गुन्हेगार सापडला होता.

“पूजेचे फोटो आहेत?” मुक्ताईंनी विचारलं.

होते, दीडशेच्या वर. मुक्ताई एकेक फोटो बघत राहिल्या. पूजेचे, आरतीचे, पंगतीचे. पाहुण्यांच्या मागे टाकी होतीच. दोन फोटोंवर त्या बराच वेळ थांबल्या. “आरती किती वाजता झाली?”

“बारा. पंगत साडेबाराला बसली.”

मग शुभंकरचे काका हिंमतराव. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. दिवाणखान्यातच झोपतात आणि पहाटे पाचला उठतात. “त्या पोरीची साफसफाई नीट नाही,” ते म्हणाले. “या आठवड्यात रोज बघतोय. अंधारात त्या निळ्या झाडावर पांढरे दोरे लोंबतात, कोळिष्टकं लागल्यासारखे. दिवा लावला की थोड्या वेळात गायब.”

“त्याआधीच्या आठवड्यांत?”

“त्या झाडावर कधी नव्हते. मी रोज बाप्पाला हात जोडतो, माझ्या नजरेतून सुटेल?”

शेवटचा साई. हा टाक्यांचा दुकानदार, हिंजवडीच्या कामासाठी दुसरा उमेदवार. आज तो इथे सगळं नव्याने मांडायलाच आला होता, बादल्या घेऊन. “मॅडम, सिंपल केस आहे. गॅलॅक्सियाचे स्वीपर लांब जातात. शिकारीचे दोरे असतात ते, डंख मारतात. तिने डिस्टन्स कमी ठेवलं. नवीन आहे ना, अंदाज नसतो.”

“तुम्ही ही टाकी पहिल्यांदा कधी पाहिलीत?”

“रविवारी. जेवायला बोलावलं होतं. मी आलो तेव्हा पंगत बसली होती, मग मी एकटाच टाकी बघत बसलो.”

एकटाच! बद्रीनाथांनी गुन्हेगार ताबडतोब बदलला.

इतक्यात बेल वाजली. पूर्वा दारात उभी होती, हातात निळा डबा. शुभंकरच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मुक्ताई पुढे झाल्या आणि तिला आत घेऊन आल्या. पूर्वाने टाकीकडे पाहिलं. तिची नजर निळाईवर गेली नाही, आधी माशांवर गेली. तिने तोंड उघडलं.

“तू थांब,” मुक्ताई म्हणाल्या. “तुला कळलं ते मला कळलं. पण ते मी बोलायला हवं. तू बोललीस तर म्हणतील, स्वतःला वाचवतेय.”

सगळे बसले. बद्रीनाथ टाकीशेजारी उभे राहिले, कुणी पळालंच तर अडवावं म्हणून.

“विमा कंपनीत असताना मी एक गोष्ट शिकले,” मुक्ताईंनी सुरुवात केली. “आग कुणी लावली ते विचारण्याआधी, ती कुठून कुठे गेली ते बघायचं. निळाई फक्त उजव्या बाजूने जळलीय. सृष्टीबाईंच्या फवाऱ्याचं विष पाण्यात उतरलं असतं, तर सगळ्यांत आधी ती नाजूक कोळंबी गेली असती. ती मजेत फिरतेय. शिवाय विष एकच बाजू धरून जाळत नाही.”

सृष्टीने सुटकेचा निःश्वास टाकला.

“जाळलं ते गॅलॅक्सियाने. साईंचं तेवढं बरोबर आहे. हिंमतराव, तुम्ही पाहिलेत ते दोरे म्हणजे त्याचे शिकारी दोरे. अंधारात निघतात, उजेडात आत जातात. पूर्वाची साफसफाई चोख आहे.”

“म्हणजे अंतरच चुकलं!” शुभंकर म्हणाले. “मी तेच म्हणतोय.”

“अंतर आज नऊ इंच आहे. पूर्वाच्या कागदावरही नऊ आहे. म्हणजे साईंनी काही सरकवलेलं नाही. आणि अंतर चुकलं असतं, तर निळाई पहिल्याच आठवड्यात जळायला हवी होती. महिनाभर तिला नवी पालवी फुटत होती. दगड तेच, अंतर तेच, गुंडही तोच. मग या घरात गेल्या शनिवारनंतर बदललं काय?”

मुक्ताई टाकीकडे वळल्या. टाकीतलं पाणी तेवढं बारीक आवाज करत होतं.

“बद्रीभाऊ, मासे कुठे बघतायत?”

“उजवीकडे,” बद्रीनाथ म्हणाले, आणि त्यांनी आ वासला. “पण पूर्वाच्या फोटोत तर… डावीकडे होते!”

“मासा एका जागी तरंगतो तो प्रवाहाकडे तोंड करून. नाही तर वाहून जाईल. पूर्वाने टाकी लावली तेव्हा काचेजवळचं पाणी डावीकडून उजवीकडे जात होतं. गुंड मुद्दाम प्रवाहाच्या शेवटी बसवला होता. त्याचे दोरे कितीही लांबले तरी पुढे रिकाम्या वाळूवर जायचे, निळाईकडे वळूच शकत नव्हते. नकाशावरचे बाण हेच सांगतात. आज पाणी उजवीकडून डावीकडे वाहतंय. गुंडाकडून थेट निळाईकडे.”

त्यांनी शुभंकरकडून माशांच्या खाण्याची चिमूट मागून घेतली आणि झाकण सरकवून ती गॅलॅक्सियाच्या डोक्यावर सोडली. तांबडे कण क्षणभर तरंगले आणि ओळीने डावीकडे निघाले. निळाईच्या पांढऱ्या फांद्यांवर ते अलगद जाऊन अडकले. सगळ्यांनी ते पाहिलं.

“पाणी फिरवलं कुणी?” हिंमतरावांनी दरडावून विचारलं.

“ते पूजेच्या फोटोंत आहे. आरतीच्या फोटोत मासे डावीकडे बघतायत. पंगत बसतानाच्या फोटोत उजवीकडे. साई आले तेव्हा पंगत बसलेली होती, म्हणजे पाणी त्याआधीच फिरलं. बारा ते साडेबारा. आरती झालेली, मंडळी बाप्पासारख्या त्या खडकासमोर हात जोडून उभी. पूर्वाच्या मांडणीत वरून पाहिलं तर पाणी खडकाला डाव्या हाताला ठेवून फिरत होतं. आमचे बद्रीभाऊ पोरांना शिकवायचे त्याच्या बरोब्बर उलट.” त्या हिंमतरावांकडे वळल्या. “सुभेदारसाहेब, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. ते सुटलं होतं का?”

हिंमतरावांची पाठ पहिल्यांदाच जरा वाकली. “मीच म्हणालो,” ते सावकाश बोलले. “म्हणालो, शुभ्या, बाप्पाला पाणी उलटी प्रदक्षिणा घालतंय, बरं नव्हे ते. आणि हा म्हणाला, त्यात काय काका, हे बघा. खिशातून फोन काढला न् त्यावरचा पाण्याचा बाण फिरवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

सगळ्यांच्या नजरा शुभंकरवर गेल्या.

“पण मी टाकीला हातसुद्धा…” शुभंकर बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा उतरला. “मी विसरूनच गेलो होतो. खरंच सांगतो. दोन सेकंदांची गोष्ट होती ती.”

“खोटं बोललात असं मी म्हणत नाही,” मुक्ताई म्हणाल्या. “पण चार वर्षांच्या मेहनतीवर दोन सेकंदांत बोट फिरवलंत, आणि मग त्याच बोटाने तिची बदनामी लिहिलीत.”

शुभंकर उठले. त्यांनी फोन काढला आणि बराच वेळ टाइप केलं. मग ते मोठ्याने वाचून दाखवलं. निळाई आपल्याच हातून जळाली. पूर्वाची मांडणी इंचन् इंच बरोबर होती. आपण तिची जाहीर माफी मागतो. ‘पाठवू का?’ असं त्यांनी पूर्वाकडे बघून विचारलं.

“पाठवा. अक्षरं तेवढीच मोठी ठेवा,” पूर्वा म्हणाली.

साईने स्वतःच्या फोनवर तो मजकूर पाहिला, त्याखाली काहीतरी लिहिलं आणि आपल्या बादल्या उचलल्या. “मी त्यांच्याखाली लिहिलंय, की ही मांडणी मला सुचली नसती,” तो पूर्वाला म्हणाला. “मॅडम, काम तुमचंच आहे.” बद्रीनाथांनी त्याच्याबद्दलचं मत पुन्हा एकदा बदललं.

शुभंकर पाणी परत फिरवायला फोन चाळू लागले, तसे हिंमतराव अवघडून म्हणाले, “पोरी, मी फौजी माणूस. चूक झाली, कबूल. पण आता रोज सकाळी ते उलटं फिरताना बघून माझ्या मनाला लागेल गं. करणार काय?”

बद्रीनाथांना वाटलं, आता ही चिडणार. तिचा हक्कच होता. पण पूर्वाने डब्यातून लांब हातमोजे काढले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बाह्या सरसावल्या.

“पाणी आहे तसंच राहू द्या. गॅलॅक्सिया डाव्या टोकाला नेते, निळाई उजवीकडे आणते. मग पाणी सुलट फिरेल आणि गुंड तरीही शेवटीच राहील. काका, हे मला आधी सांगितलं असतंत, तर मी पहिल्याच दिवशी तसं मांडलं असतं. मांडणी माझी असली तरी घर तुमचं आहे.”

तासभर कुणी हललं नाही. तिने आधी लाटा थांबवल्या. मग बारीक छिन्नीने निळाईचा खडक सोडवला, जळक्या फांद्या पाण्याबाहेर छाटल्या, जिवंत भाग नव्या जागी रोवला आणि त्याच्याशेजारी बरणीतला निळा तुरा बसवला. गॅलॅक्सियाला तिने डाव्या टोकाला नेलं. दरवेळी पट्टी लावली, दरवेळी मागे सरून पाहिलं. पाणी पुन्हा सुरू झालं आणि मासे वळून उजवीकडे तोंड करून उभे राहिले. गॅलॅक्सियाच्या पुढे आता फक्त वाळू होती. बद्रीनाथांनी आयुष्यात हजारो लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवलं होतं. इतका ठाम हात त्यांनी क्वचितच पाहिला होता. त्या मुलीशी त्यांचं काही नातं नव्हतं, तरी त्यांना तिचा अभिमान वाटला.

पूर्वा हात पुसत होती तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती खिडकीशी जाऊन दोन मिनिटं बोलली आणि परत आली. “हिंजवडीहून. ते म्हणाले, सोमवारची वाट बघायची गरज नाही. मापं घ्यायला कधी येता विचारत होते.” मग तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. ती फक्त एवढंच म्हणाली, “बाबा, निळाई जगेल. आणि काम मिळालं.” मग ती हातमोजे धुऊन डब्यात ठेवू लागली.

निघताना शुभंकर काळा मार्कर घेऊन आले. त्यांनी टाकीखालचं कपाट उघडलं आणि तो पुसट चौकोन दाखवला. “मी पुसलं होतं. तू परत लिहितेस का?”

“पुसलं तुम्ही,” पूर्वा म्हणाली. “लिहाही तुम्हीच.”

शुभंकर गुडघ्यांवर बसले. पत्र्यावर त्यांनी जपून लिहिलं, ‘मांडणी : पूर्वा’. आणि ते उठू लागले.

“पूर्ण नाव,” पूर्वा म्हणाली.

ते पुन्हा बसले. ती एकेक शब्द सांगत गेली आणि ते लिहीत गेले. पूर्वा बुद्धभूषण मेश्राम. शेवटी त्यांनी आजची तारीख घातली. हिंमतरावांनी वाकून ते वाचलं, आणि सुभेदारांचा हात आपोआप सलामीला कपाळाकडे गेला.